शोभिवंत माशांच्या टाकीसाठी मजबूत मांडणी : भार, ओलावा आणि कीड

शोभिवंत मत्स्यपालन हा आता केवळ दिवाणखान्यातील छंद राहिलेला नाही. चेन्नईतील कोळत्तूर किंवा पश्चिम बंगालमधील हावडा परिसरात अनेक कुटुंबे घराच्या पडवीत, गच्चीवर वा परसात मासे वाढवून विकतात. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्यसंगोपन घटकाचा समावेश झाल्यापासून शेतकरी कुटुंबेही या पूरक व्यवसायाची चौकशी करू लागली आहेत. माशांच्या जाती, खाद्य आणि रोग यांविषयी विस्तार कार्यकर्त्यांना पुष्कळ प्रश्न विचारले जातात. टाकी कशावर ठेवावी, हा प्रश्न मात्र क्वचितच येतो. घरात आधीच असलेली एखादी लोखंडी रॅक किंवा लाकडी मांडणी पुढे ओढली जाते आणि तिच्यावर दोन-तीन टाक्या चढवल्या जातात. पाण्याच्या हंड्यांसाठी वेगळी, बुटकी आणि जाड पायांची घडवंची करणाऱ्या पूर्वीच्या सुताराला पाण्याच्या वजनाची जाण अधिक होती, असे म्हणावे लागते.

टाकीचे खरे वजन

९० सेंटीमीटर लांब, ३० सेंटीमीटर रुंद आणि ४० सेंटीमीटर उंच अशी मध्यम आकाराची टाकी विचारात घ्यावी. ती ३६ सेंटीमीटरपर्यंत भरली असता सुमारे ९७ लिटर, म्हणजेच ९७ किलो पाणी मावते. ६ मिलिमीटर जाडीच्या काचेचे वजन दर चौरस मीटरला सुमारे १५ किलो असते. त्या हिशेबाने या टाकीची काच साडेअठरा किलो भरते. तळाला ३ सेंटीमीटर जाडीचा वाळू-खड्यांचा थर दिल्यास आणखी १२ किलो वाढतात. खड्यांनी बाजूला सारलेले पाणी वजा केले आणि झाकण व गाळणयंत्र मिळवले, तर एका टाकीचा भार १२५ किलोच्या आसपास जातो. अशा तीन टाक्या एकावर एक ठेवल्या की रॅकच्या वजनासह ४०० किलो होतात, आणि ते चार पायांवर रात्रंदिवस उभे राहतात.

रेशीम संगोपनगृहातून किंवा जैविक कीडनियंत्रण प्रयोगशाळेतून बाद झालेल्या रॅक पुष्कळदा याच कामासाठी घरी नेल्या जातात. ट्रायकोग्रामा या परोपजीवी कीटकाच्या निर्मितीसाठी तांदळावरील पतंगाच्या पेट्या ज्या रॅकवर ठेवतात, तिथे एका पेटीत सर्वसाधारणपणे अडीच किलो भरडलेले धान्य असते. एका फळीवर सहा पेट्या धरल्या, तरी धान्याचा भार १५ किलो होतो. त्याच फळीवर टाकी ठेवणे म्हणजे आठपटींहून अधिक भार टाकणे होय. ‘इतकी वर्षे टिकली, म्हणजे मजबूत आहे’ हा युक्तिवाद अशा रॅकच्या बाबतीत लागू पडत नाही.

बाजारातील नव्या रॅकवर प्रत्येक फळीची क्षमता लिहिलेली असते. हा आकडा बहुधा संपूर्ण फळीवर समान पसरलेल्या, स्थिर भारासाठी असतो. फळीपेक्षा बरीच लहान टाकी मधोमध ठेवली, तर तेवढ्याच वजनाने फळी अधिक वाकते. सर्व भार अगदी मध्यबिंदूवर एकवटला, तर फळीला वाकवणारा जोर समान पसरलेल्या भाराच्या दुप्पट होतो. म्हणून टाकीची लांबी फळीच्या लांबीच्या जवळपास असावी आणि लिहिलेली क्षमता प्रत्यक्ष भाराच्या किमान दुप्पट असावी. पातळ पत्र्याच्या फळीवर टाकी थेट ठेवू नये. अँगलच्या चौकटीवर १८ मिलिमीटर जाडीचे जलरोधक प्लायवूड आणि त्यावर थर्माकोलचा पातळ थर दिल्यास काचेच्या तळाला सर्वत्र सारखा आधार मिळतो. भुशापासून दाबून केलेले बोर्ड मात्र या कामात पूर्णपणे टाळावेत. कडेने पाणी शिरले की ते फुगतात, आणि स्क्रूची पकड सर्वांत आधी जाते.

रॅक दबत नाही, कलते

नट-बोल्टने जोडलेल्या अँगलच्या रॅकमध्ये पाय वजनाने मोडण्यापेक्षा संपूर्ण सांगाडा एका बाजूला झुकण्याचा धोका अधिक असतो. सैल झालेली बाज जशी तिरकी होते, तसाच चौकोन हळूहळू कलता होतो. एकदा थोडा कल आला की पाण्याचे वजनच तो वाढवत नेते. मागील बाजूस व दोन्ही कडांना कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी पट्टी जोडणे हा यावरचा स्वस्त व खात्रीचा उपाय आहे, कारण त्रिकोणाचा आकार बदलत नाही. प्रत्येक कोपऱ्यात त्रिकोणी पत्रा आणि दोन बोल्ट असावेत. वरचा भाग कंसाने भिंतीला बांधावा. आसाम, कच्छ, हिमालयाचा पायथा अशा भूकंपप्रवण भागांत हे ऐच्छिक मानू नये. हादऱ्याने टाकीतील पाणी हिंदकळते आणि रॅकला आडवा धक्का देते. लहान मुले असलेल्या घरात तर रॅकवर चढण्याचा प्रयत्न कधीतरी होणारच, हे गृहीत धरावे.

पायांखालच्या जमिनीचाही विचार व्हावा. ४० मिलिमीटर रुंदीच्या व २ मिलिमीटर जाडीच्या अँगलच्या उघड्या टोकाचे क्षेत्रफळ जेमतेम दीड चौरस सेंटीमीटर असते. त्यावर १०० किलो आले की खाली पोकळी राहिलेली फरशी तडकते. दहा बाय दहा सेंटीमीटरची बेस प्लेट लावल्यास हाच दाब दर चौरस सेंटीमीटरला एक किलोपर्यंत उतरतो. वरच्या मजल्यावर रॅक खोलीच्या मध्यभागी ठेवू नये. भिंतीलगत, शक्यतो तुळईजवळ ठेवावी. निवासी खोल्यांच्या मजल्यासाठी भारतीय मानकात दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरलेला असतो. तो संपूर्ण खोलीचा हिशेब असला, तरी तीन-चार रॅक एकाच खोलीत मांडण्यापूर्वी अभियंत्याचा सल्ला घेणे शहाणपणाचे ठरते. व्यवसायासाठी तळमजला किंवा कोबा केलेली पडवी उत्तम.

रॅक उभी केल्यावर पाणसळ लावून समतल करावी आणि टाक्या एकदम न भरता आधी एक तृतीयांश, मग दोन तृतीयांश, मग पूर्ण अशा भराव्यात. भरताना खालच्या टाकीपासून सुरुवात करावी, म्हणजे भाराचा मध्य खाली राहतो. फळीच्या कडेला ताणून धरलेल्या दोऱ्यापासून झोळ मोजावा. ९० सेंटीमीटर लांबीत दोन-तीन मिलिमीटरपेक्षा अधिक झोळ आल्यास टाकी रिकामी करून मधला आधार वाढवावा. नव्या टाकीत मासे सोडण्यापूर्वी उपयुक्त जिवाणू वाढण्यासाठी काही आठवडे थांबावेच लागते, तेव्हा या चाचणीने एकही दिवस वाया जात नाही. विजेचा फलक टाकीच्या खाली नसावा, आणि वायरला फलकाच्या खालपर्यंत झोल देऊन मग ती वर न्यावी, म्हणजे ओघळणारे पाणी फलकात शिरत नाही.

ओलाव्यामागोमाग येणारी कीड

लोखंडाची रॅक घेतली म्हणजे वाळवीची चिंता मिटली, असा समज आढळतो. तो अर्धवट खरा आहे. जमिनीतील वाळवी लोखंड खात नाही, पण वरच्या प्लायवूडपर्यंत पोहोचण्यासाठी लोखंडी पायावरून किंवा भिंतीवरून मातीच्या नळ्या बांधत जाते. कामकरी वाळवीला ओलावा अत्यावश्यक असतो, आणि झिरपणाऱ्या टाकीखालची फरशी तो बारमाही पुरवते. लोखंडी पायाचा खरा लाभ वेगळाच आहे: त्यावरची नळी उघडी दिसते, तर लाकडी पायात वाळवी आतून चढते. हा लाभ मिळावा म्हणून रॅक भिंतीपासून पाच सेंटीमीटर दूर ठेवावी व महिन्यातून एकदा मागच्या बाजूने विजेरीचा प्रकाश टाकून पाहावे.

लाकूड किंवा बांबूच्या मांडणीखाली पिठासारखी मऊ भुकटी पडलेली दिसली, तर ते लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांचे काम असते. आंबा, सावर यांसारख्या मऊ लाकडातील व अनेक लाकडांच्या बाहेरील रसकाष्ठातील पिष्टमय द्रव्यावर लिक्टस जातीच्या अळ्या जगतात. बांबूत डायनोडेरस हा भुंगेरा आढळतो. एक-दोन मिलिमीटरचे गोल छिद्र हे प्रौढ कीटक बाहेर पडल्याचे चिन्ह आहे. अळीने त्याआधी कित्येक महिने आत बोगदे केलेले असतात. त्यामुळे छिद्रे मोजून उरलेली ताकद ठरवता येत नाही, आणि असा पाय टाकीसाठी बादच समजावा. भुकटीऐवजी खसखशीसारखे, सहा कडांचे कोरडे दाणे पडत असतील, तर ती कोरड्या लाकडातील वाळवी होय. किनारपट्टीच्या भागात ती विशेषत्वाने आढळते. सागाचे पक्के गाभ्याचे लाकूड या सर्वांना बराच प्रतिकार करते, पण सागाच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या फिकट रसकाष्ठाला तो गुण नसतो.

शेतात कीड दिसली की फवारणीचा विचार होतो. इथे तो मार्ग बंद आहे, आणि मांडणीची निवड करताना हीच गोष्ट सर्वाधिक महत्त्वाची ठरते. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, बायफेन्थ्रिन ही पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके माशांना अतिशय विषारी आहेत. एका लिटर पाण्यात काही मायक्रोग्रॅम एवढी मात्राही घातक ठरू शकते. क्लोरपायरिफॉसही माशांना विषारी आहे. इमिडाक्लोप्रिड माशांना तुलनेने कमी विषारी असले, तरी कोळंबीचा ते नाश करू शकते. टाकी झाकली तरी हवेचा पंप खोलीतील हवाच पाण्यात सोडत असतो, हे फवारणी करणाऱ्याच्या लक्षात येत नाही. डास पळवणाऱ्या विद्युत यंत्रातही बहुधा याच गटातील द्रव्य असते. निंबोळी तेलाला ‘नैसर्गिक’ म्हणून निर्धोक मानणेही बरोबर नाही. म्हणून वाळवीप्रतिबंधक उपचार टाकी येण्यापूर्वी, परवानाधारक व्यक्तीकडून करून घ्यावा. बांबू वा लाकडाला बोरॅक्स-बोरिक आम्लाचा उपचार दिल्यास तो पाण्याने धुऊन जाऊ नये म्हणून वरून तैलरंगाचे दोन हात द्यावेत आणि रंगाचा वास पूर्ण गेल्यावरच टाकी ठेवावी. मासे आल्यानंतर कीड आढळली, तर मासे दुसऱ्या जागी हलवून ग्रस्त फळी बाहेर काढणे हाच मार्ग उरतो.

मुंग्यांसाठी रॅकच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवण्याची पद्धत कीटक संगोपनगृहातून घरोघरी पोहोचली आहे. चारशे किलोच्या रॅकखाली ती उपयोगी नाही. वाटी पिचते, पाय गंजतो आणि साचलेल्या पाण्यात डेंगीचा प्रसार करणारा एडिस डास वाढतो. वाटीत रॉकेल ओतणे हा तर टाकीशेजारी निष्कारण ओढवलेला धोका. पायाला ग्रीसचा बोटभर रुंद पट्टा लावावा आणि माशांचे खाद्य घट्ट झाकणाच्या डब्यात, रॅकपासून दूर ठेवावे. खालच्या दमट फळीवर उघडे राहिलेले खाद्य मुंग्यांप्रमाणेच पिठातील लाल भुंगेऱ्यालाही बोलावते व त्याला बुरशी लागते.

मासे असलेल्या टाकीत डासांच्या अळ्या टिकत नाहीत, गप्पी असतील तर मुळीच नाही. डास वाढतात ते खालच्या फळीवरच्या रिकाम्या विलगीकरण टाकीत उरलेल्या बोटभर पाण्यात, पाणी मुरवत ठेवलेल्या बादलीत आणि गळती झेलणाऱ्या ट्रेमध्ये. उन्हाळी-पावसाळी तापमानात अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेलगत भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी होऊनही काही महिने जिवंत राहतात. त्यामुळे पाणी केवळ ओतून देणे पुरत नाही. आठवड्यातून एक दिवस ठरवून ही भांडी काथ्याने घासावीत, उन्हात वाळवावीत आणि पालथी घालून ठेवावीत. बादलीवर बारीक जाळी बांधावी. त्याच दिवशी बोल्ट पान्याने तपासून घ्यावेत.