जुनी प्रत आणि नवी व्यवस्था

(शालेय संगणकातील राखीव नोंदींविषयी शिक्षकांसाठी एक पाठ)

कनेरगाव नाका स्टेशनावरून जाणारा पूर्णा–अकोला लोहमार्ग पूर्वी मीटरगेज होता. दोन रुळांमधील अंतर १ मीटर असे. २००८ साली हा मार्ग ब्रॉडगेज झाला आणि ते अंतर १.६७६ मीटर झाले. नवे रूळ पडले म्हणून जुने डबे काही मोडले नाहीत. परंतु या मार्गावर ते चालणे मात्र कायमचे थांबले. शाळेतील संगणकाची कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, बदलली असता जुन्या बॅकअपची, म्हणजे राखीव प्रतीची, पुष्कळदा हीच अवस्था होते. प्रत शाबूत असते. ती उघडण्याचा मार्ग बंद झालेला असतो.

हा अनुभव आपल्या भागास नवा नाही. आजचा हिंगोली जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता व तेथील राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले आणि १९९९ साली परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला. प्रत्येक बदलात दप्तरे पुढे आली, परंतु ती वाचणारी माणसे हळूहळू कमी होत गेली. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मराठवाड्यातील निजामकालीन नोंदी शोधण्याचे काम हाती घेतले, तेव्हा उर्दू व मोडी वाचणाऱ्या जाणकारांची गरज पडली. कागद होता, शाई होती. वाचक मात्र शोधावा लागला. तो सापडू शकला, कारण लिपी ही माणसास शिकता येते. संगणकातील नोंद केवळ डोळ्यांनी वाचता येत नाही, म्हणून तेथील धोका अधिक मोठा आहे.

इंग्लंडमधील एक उदाहरण शिक्षकांनी अवश्य लक्षात ठेवावे. तेथे १०८६ साली राजाज्ञेने केलेली जमीनजुमल्याची मोजदाद आजही वाचता येते. तिच्या नवशताब्दीनिमित्त १९८६ साली बी. बी. सी. संस्थेने देशाची नवी माहिती तबकड्यांवर साठविली. गावोगावच्या शाळांतील मुलांनी त्यासाठी श्रम घेतले होते. तथापि ती तबकडी चालविणारी यंत्रे लवकरच दुर्मिळ झाली आणि अवघ्या पंधरा-सोळा वर्षांत ती माहिती वाचण्यासाठी संशोधकांस खास प्रयत्न करावे लागले.

आता कारणे पाहू. पहिले कारण गाठोड्याचे. बॅकअपचा कार्यक्रम अनेक फायली एकत्र बांधतो. ती गाठ त्यालाच सोडविता येते. विंडोज एक्सपीमधील बॅकअपचा कार्यक्रम पुढील विंडोज व्हिस्टामध्ये राहिला नाही. जुनी गाठोडी सोडविण्यासाठी वेगळे साधन मिळवावे लागले. दुसरे कारण कार्यक्रमाचे. निकालपत्रके तयार करणारे काही कार्यक्रम फार जुन्या, सोळा बिटांच्या पद्धतीचे होते. चौसष्ट बिटांच्या विंडोजवर ते चालत नाहीत, आणि विंडोज ११ केवळ चौसष्ट बिटांचीच आहे. तिसरे कारण अक्षरांचे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी फाँट इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक अंकांवर मराठी अक्षरे बसवीत. तो फाँट नव्या संगणकात नसला, तर विद्यार्थ्याच्या नावाऐवजी निरर्थक इंग्रजी अक्षरे दिसतात. चौथे कारण साधनाचे. फ्लॉपी उत्तम असली, तरी ती घालावयाची खाचच आजच्या संगणकास नसते.

विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली असल्याने अनेक शाळांपुढे हा बदल उभा आहे. तो करणे योग्यच होय; मात्र त्यापूर्वी पुढील क्रम पाळावा.

(१) जुन्या नोंदींची यादी करावी : कोणत्या सालची नोंद, कोणत्या कार्यक्रमात, कोणत्या फाँटमध्ये व कोणत्या परवलीच्या शब्दाने बंद केलेली.

(२) जुनी व्यवस्था चालू असतानाच बॅकअप सोडवून फायली सुट्या कराव्यात. मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणावा, तक्ते साध्या यादीच्या स्वरूपात काढावेत आणि अंतिम पत्रकांची पीडीएफ प्रत करावी.

(३) या प्रती दुसऱ्या, नव्या संगणकावर उघडून पाहाव्यात. निरनिराळ्या वर्षांतील किमान पाच नोंदी हस्तलिखित रजिस्टराशी ताडून पाहाव्यात. जोडाक्षरे, आडनावे व जन्मतारखा यांकडे विशेष लक्ष द्यावे.

(४) हा ताळा जुळेपर्यंत जुन्या संगणकातील काहीही पुसू नये. त्यानंतरही दोन प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात.

(५) दाखल-खारीज रजिस्टर हीच मूळ नोंद समजावी. संगणक आला म्हणून ते अडगळीत टाकू नये. वाळवी व ओल यांपासून त्याचे रक्षण करावे.

बॅकअप घेतला एवढ्यावर पुष्कळजण निश्चिंत होतात. परंतु जी प्रत उघडून पाहिलेली नाही, ती प्रत आहे असे धरून चालणे चूक होय. ऊसतोडीसाठी गाव सोडून गेलेल्या एखाद्या कुटुंबातील मुलगा वीस वर्षांनी शाळा सोडल्याचा दाखला मागावयास येईल. त्याची जन्मतारीख व जात यांचा दुसरा पुरावा कदाचित त्याच्याजवळ नसेल. त्या वेळी ‘नोंद आहे, पण उघडत नाही’ हे उत्तर त्याच्या काय उपयोगाचे? आपल्या हातची नोंद ही त्याची ठेव आहे, व ठेव मागताक्षणी परत देता आली पाहिजे.

शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न :

१. आपल्या शाळेतील सर्वांत जुनी संगणकीय नोंद कोणत्या सालची आहे? ती आज उघडते काय?

२. आपल्या जुन्या रजिस्टरांत उर्दू वा मोडी नोंदी आहेत काय? त्या वाचू शकणारी व्यक्ती पंचक्रोशीत कोण आहे?

३. आपली बदली उद्या झाली, तर येणाऱ्या शिक्षकास परवलीचे शब्द व याद्या कोठे मिळतील?