पिवळीच्या तळव्याला ब्लेड लावू नकोस

झरी, ता. जि. परभणी

चि. बाळास,

काल रात्री तुझ्या आईचा फोन आला. खुशाली झाली, सोयाबीनचं बोलणं झालं आणि फोन ठेवता ठेवता ती सहज म्हणाली की पिवळीच्या तळव्याला काळी खपली धरली आहे आणि पोरगा ती दाढीच्या ब्लेडनं उकरून हळद-तेल भरणार आहे. तिच्या लेखी बातमी एवढीशीच. तुझ्या मामाचा मात्र रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. पहाटेच फोन करून त्यानं ब्लेड कपाटात कुलूपबंद करायला लावलं. बाकीचं या पत्रात लिहून ते सकाळच्या गाडीनं जिंतूरला निघालेल्या शेजाऱ्याच्या हाती दिलं आहे. आधी वाच, मग पिंजऱ्याला हात लाव.

तुझी पिवळी म्हणजे बजरीगर, आणि बजरीगरचं वजन 30 ते 40 ग्रॅम. बाजारात त्याला लव्हबर्ड म्हणून विकतात, पण ते मूळचं ऑस्ट्रेलियाचं बजरीगर. एवढ्या जिवाच्या अंगात रक्त असतं 3 ते 4 मिलीलिटर; चहाचा चमचाही धड भरत नाही. त्यातले थोडे थेंब सांडले तरी त्याच्या जिवावर बेततं. ब्लेड लावायच्या आधी हे कुणाला तरी विचारायला नको होतं का?

आणखी एक. गल्लीतल्या कुणी तरी म्हणे सांगितलं की हा बर्ड फ्लू आहे, पिंजरा गावाबाहेर नेऊन उघडा. भीती कुठून येते ते परभणीकरांना सांगायला नको. 2021च्या जानेवारीत आपल्याच जिल्ह्यातल्या मुरुंब्यात सुमारे 800 कोंबड्या मेल्या आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. पण तो विषाणूचा रोग. खाणारं-पिणारं पाखरू एक पाय वर धरून बसलंय आणि तळव्याला खपली आहे, तर हे दुखणं वेगळं. कोंबडीवाले त्याला बंबलफूट म्हणतात, डॉक्टर पोडोडर्माटायटिस. आणि पिंजऱ्यात जन्मलेलं बजरीगर बाहेर सोडलं, तर कावळ्या-मांजरांच्या तोंडी देण्यासारखंच आहे.

हे दुखणं एका रात्रीत येत नाही, म्हणूनच मामाला राग आला. दिवाळीत त्यानं तुझा पिंजरा पाहिला होता. दोन्ही दांड्या प्लॅस्टिकच्या, एका जाडीच्या, गुळगुळीत. पाखरू दिवसरात्र पायावरच असतं, झोपतंसुद्धा दांडी धरून. एकाच जाडीच्या दांडीवर तळव्याच्या त्याच त्या जागेवर भार येतो. आधी तिथली खवल्यांची नक्षी पुसट होते, कातडी लाल आणि चकचकीत दिसते. मग ती फुटते, आणि एरवी कातडीवर निमूट राहणारे स्टॅफिलोकॉकस जातीचे जिवाणू आत शिरतात. पुढे सूज, खपली आणि वेळ दवडला तर हाडापर्यंत कीड.

वाटीत नुसती सूर्यफुलाची बी होती, तेही मामानं पाहिलं होतं. तिच्यात चरबी भरपूर आणि अ जीवनसत्त्व जवळजवळ नाही. चरबीनं वजन वाढतं, तो भार पायावर. अ जीवनसत्त्व तुटलं की कातडी कोरडी पडून भेगाळते. एक दुखणं, पण कारणं दोन्ही बाजूंनी. राणीच्या बागेतले पेंग्विन आठवतात ना? 2016 साली कोरियातून 8 हम्बोल्ट पेंग्विन तिथे आणले. पेंग्विन सांभाळणारे जगात कुठेही असोत, ते पेंग्विनांचे तळवे तपासत राहतात. पोहणारा पक्षी कडक फरशीवर तासन्‌तास उभा राहिला की त्यालाही हेच होतं.

दिवाळीतच बोलायला हवं होतं. पाहुण्यांच्या गडबडीत राहून गेलं. तो दोष तुझा नाही.

ब्लेडचं नाव ऐकून मामा इतका का हबकला, ते तुझ्या आईला ठाऊक आहे. तुला कुणी सांगितलं नसेल. मामा तुझ्याएवढा असताना घरी एक तांबडा कोंबडा होता. उंच माळवदावरून दणदिशी खाली उडी मारायचा. त्याच्या तळव्याला गाठ आली. आजोबा शेतात गेलेले पाहून मामानं वस्तरा घेतला आणि गाठ चिरली. वाटलं होतं, माणसाच्या गळवासारखा पू वाहून जाईल आणि कोंबडा बरा होईल. पू वाहिलाच नाही. आत खव्यासारखी घट्ट गोळी होती. पाखरांचा पू असाच असतो, तो पातळ करणारं द्रव्य त्यांच्या पेशींत नसतं. मामा उकरत राहिला, रक्त थांबेना म्हणून राख भरली. चौथ्या दिवशी कोंबडा गेला. तुझ्या आईनं त्याला भिंतीकडेला पुरलं. आजोबा एक शब्दही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं, असं मामाला आजही वाटतं.

तेव्हा ब्लेड नाही. हळद-तेलही नाही, तेल पिसांना लागलं की पिसांची ऊब जाते आणि चोचीनं साफ करताना ते पोटात जातं. घरातली खाजेची मलमं नकोत, कित्येकांत स्टेरॉईड असतं. माणसाची दुखण्याची गोळीही नको. दुखण्यावरचंच डायक्लोफेनॅक टोचलेल्या जनावरांची मढी खाऊन देशातली गिधाडं संपत आली, तेव्हा 2006 साली जनावरांसाठी ते औषध बंद करावं लागलं.

आज एवढंच कर. प्लॅस्टिकच्या दांड्या काढ. जाड सुती दोरी असेल तर बांध, पण सुटे धागे कापून टाक, नखं अडकतात. तळाच्या जाळीवर कागद अंथर आणि रोज बदल. सँडपेपरची नळी दुकानदारानं दिली असेल तर फेकून दे, तिनं तळवे सोलतात. बाजरी आणि राळा दे, सूर्यफूल चार दाण्यांवर आण. सोबत किसलेलं गाजर, कोथिंबीर, शेवग्याचा पाला. पहिल्या दिवशी तोंड लावणार नाही. रोज ठेवत जा.

खपली काळी आहे म्हणजे आता घरचं काम उरलं नाही. परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात दाखवू. जखमेतला नमुना घेऊन कोणतं औषध लागू पडेल ते पाहतात, हाडाची शंका आली तर एक्स-रे काढतात, आतली गोळी काढायची तर भूल देऊन काढतात. मग पट्टी आणि पुन्हा पट्टी. काही आठवडे जातील. तुझी शाळा सांभाळून होईल, काळजी करू नकोस.

तुझी आई हेही म्हणाली की दोन रात्री तू पिंजऱ्यापाशी सतरंजी टाकून झोपलास. ते आधी आठवलं असतं तर मामा वर इतका रागावला नसता. वाचलंस ते पुसता येत नाही. मनाला लावून घेऊ नकोस.

विहिरीवरच्या, आजोबांनी लावलेल्या जांबाच्या फांद्या मामानं आज नव्या दांड्यांसाठी तोडल्या. एक करंगळीएवढी, एक अंगठ्याएवढी, एक मधेच वाकडी, म्हणजे पायाला दर वेळी नवी पकड मिळेल. धुऊन पत्र्यावर वाळत टाकल्यात. साल राहू दिली आहे, पिवळीला कुरतडायला.

सोमवारी सकाळच्या परभणी गाडीनं ये. पिंजरा आणू नकोस, दुखऱ्या पायावर हेलकावे बसतील. खोक्याला भोकं पाड, तळाशी आजीच्या जुन्या लुगड्याची घडी घाल. झरीच्या फाट्यावर मामा उभा असेल. तो चढला की खोका त्याच्या मांडीवर दे आणि परभणी येईस्तोवर जरा झोप.

तुझा मामा