भांडवल एकाचे, हात दुसऱ्याचे

आपल्या भागीदाऱ्या बहुतेक एकाच कारणाने मोडतात. एकाकडे पैसा, दुसऱ्याकडे हुन्नर. आणि पैसेवाल्याला वाटते, निर्णयही माझाच. यावर आपल्याच जिल्ह्यात निघालेला तोडगा कारागीर व व्यापारी बांधवांपुढे ठेवावा, असे आम्हांला वाटते.

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांनी शेतकऱ्यांना एकत्र करून प्रवरा सहकारी साखर कारखाना उभा केला. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष. पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. सभासदांत मोठे बागायतदार होते, तसे तुकड्यावर ऊस लावणारेही.

सहकाराचा नियम असा, की शेअर कितीही असोत, मत एकच. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यानुसार एका सभासदाला भागभांडवलाच्या एक पंचमांशाहून अधिक हिस्साही ठेवता येत नाही. कमाई होते ती घातलेल्या उसावर. पन्नास टनवाल्याला पन्नास टनांचे पैसे, दोन टनवाल्याला दोन टनांचे. दर मात्र एकच.

तरीही मत सारखे म्हणून वागणूक सारखी, असे होत नाही. ज्याची ओळख त्याच्या शेतात तोडणीची टोळी आधी, ही साखरपट्ट्यातली जुनी तक्रार आहे. तोड लांबली की ऊस वाळतो, वजन घटते, आणि दर समान असूनही लहान शेतकरी मार खातो. म्हणून लागणीच्या तारखेची नोंद आणि नोंदीप्रमाणे तोड, हा नियम आम्ही मताइतकाच मोठा मानतो.

आता समजा, पाच-सहा फर्निचर कारागिरांनी मिळून एक महाग यंत्र घेतले आणि निम्मी रक्कम एका व्यापाऱ्याने घातली. त्याला नफ्यात ठरलेला हिस्सा मिळावा. पण यंत्राची पाळी वहीत लिहावी, आणि त्याचे काम आले म्हणून दुसऱ्याचा नंबर मागे ढकलू नये. मुजारबत आपल्याला परकी नाही. तीत नफ्याचे प्रमाण आधी ठरते, आणि काम करणाऱ्याची हयगय नसेल तर भांडवलाची तूट भांडवलवाला सोसतो. कारागिराची मेहनत तर बुडालेलीच असते.

सहकारी संस्था नोंदवायची तर किमान दहा जण लागतात, तेही वेगवेगळ्या कुटुंबांतले. (अट चांगलीच आहे, नाहीतर एक घर आणि त्याचे मेहुणे मिळून संस्था व्हायची!) तेव्हा व्यापाऱ्याची निम्मी रक्कम शेअर म्हणून बसणार नाही, बाकीची कशी लिहायची, हे आधीच ठरवावे. दहा जण जमेपर्यंत भागीदारीचा लेख करून काम सुरू करावे, आणि हिशेबाची वही दर महिन्याला सगळ्यांसमोर उघडावी.