कढईतलं लोह कुणाच्या ताटात?



या महिन्याचा पाठ भांड्यांचा आहे. लोखंडी तवा, बिडाची कढई, लोखंडी पळी. तुम्ही म्हणाल, स्वयंपाक काय आम्हाला शिकवायचा? तो शिकवायचा नाहीच. पण गावोगावच्या बैठकांमध्ये हिमोग्लोबिनचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "ताई, लोखंडाच्या कढईत भाजी केली की रक्त वाढतं ना?" याचं उत्तर "हो" असंही आहे आणि "थांबा, पुढचं ऐका" असंही आहे. ते पुढचं सगळं या पाठात सांगते. बैठकीत एकीने मोठ्याने वाचावं आणि बाकीच्यांनी मध्येच थांबवून प्रश्न विचारावेत.

आधी आकडा बघू

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ मध्ये झाली. त्यात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४.२ टक्के जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. त्याआधीच्या फेरीत हा आकडा ४८ टक्के होता. म्हणजे कमी व्हायच्या ऐवजी वाढला. दहा जणींचा गट धरला तर पाच-सहा जणी यात येतात. आता तुमच्या बैठकीत गोल बसलेल्या बायकांकडे एकदा बघा आणि मोजा.

रक्त कमी म्हणजे किती? गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं तर कमी. गरोदर बाईचं ११ च्या खाली गेलं तर कमी. जिना चढताना धाप लागणं, निंदताना डोळ्यांपुढे अंधारी येणं, सकाळी उठल्यावरच थकवा, माती किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटणं, या सगळ्याला आपण "बाईच्या जातीला असायचंच" म्हणून सोडून देतो. ते असायचंच नसतं.

बाईला दर महिन्याला पाळी येते, बाळंतपण होतं, म्हणून तिला लोह पुरुषापेक्षा जास्त लागतं. आपल्या देशाच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह लागतं आणि बाईला २९. हे दोन आकडे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहेत.

बीड म्हणजे काय

लोखंडाची भांडी दोन प्रकारची. पत्र्याचा किंवा ठोकून केलेला तवा पातळ असतो, पडला तर पोचा येतो. बिडाचं भांडं ओतीव असतं. लोखंड वितळवून साच्यात ओततात. ते वजनाला जड आणि अंगाला खरखरीत असतं. त्यात कार्बन जास्त, साधारण २ ते ४ टक्के, म्हणून ते स्वभावाने ठिसूळ. पडलं तर पोचा येत नाही, थेट तुकडा पडतो. तापलेल्या कढईत गार पाणी ओतलं तरी तडा जाऊ शकतो. कोकणात घावन-आंबोळीसाठी बिडाचा तवा अजून जपतात, कारण बीड हळू तापतं आणि तापलं की उष्णता धरून ठेवतं. घावन सगळीकडून सारखं भाजलं जातं आणि जाळही कमी लागतो.

मधल्या काळात आपल्या घरांत काय झालं? जुने कपडे देऊन बोहारणीकडून स्टीलची भांडी आली, मग अॅल्युमिनियमची कढई आली, मग न चिकटणारा काळा तवा आला. सासूबाईंची बिडाची कढई जड, काळी, गंजलेली. ती भंगारवाल्याला किलोवर गेली. कुणाच्या माळ्यावर किंवा गोठ्यात अजून पडली असेल तर तिला विकू नका.

भांड्यातलं लोह अन्नात उतरतं का

उतरतं. अमेरिकेत १९८६ साली याचा अभ्यास छापून आला. तेच पदार्थ एकदा लोखंडाच्या भांड्यात आणि एकदा दुसऱ्या भांड्यात शिजवून तपासले. १०० ग्रॅम पदार्थामागे किती मिलिग्रॅम लोह सापडलं ते साधारण असं :

- सफरचंदाचा शिजवलेला गर (आंबट, ओला) : ०.३५ वरून ७ च्या वर
- टोमॅटोचा रस्सा : ०.६ वरून ५.७ च्या आसपास
- अंड्याची भुर्जी : १.५ वरून ४.७ च्या आसपास
- मक्याची पातळ भाकरी : ०.८६ वरून १.२३

ही यादी नीट बघा. आंबट आणि ओलं जे होतं त्यात लोह भरपूर उतरलं. भाकरीत अगदी थोडं उतरलं. म्हणजे "आमच्याकडे लोखंडी तवा आहे, रोज भाकरी त्याच्यावरच होते" एवढ्याने काम भागत नाही. भाकरी कोरडी असते आणि दोन मिनिटांत उतरते. तव्यापेक्षा कढई जास्त कामाची.

तीन गोष्टींनी लोह जास्त उतरतं : आंबटपणा, ओलावा आणि वेळ. चौथी गोष्ट भांड्याची. नवं भांडं जास्त देतं. वर्षानुवर्षं तेल मुरून गुळगुळीत झालेलं भांडं जरा कमी देतं.

उतरलेलं लोह अंगी लागतं का, हा पुढचा प्रश्न. १९९९ साली इथिओपिया देशातल्या लहान मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. काही घरांना लोखंडाची भांडी दिली, काहींना अॅल्युमिनियमची. वर्षभराने लोखंडाच्या भांड्यात शिजवलेलं खाणाऱ्या मुलांचं हिमोग्लोबिन सरासरी १.७ ने वाढलं, अॅल्युमिनियमवाल्यांचं ०.४ ने. म्हणजे फरक पडतो. पण वर्ष लागलं, आठ दिवसांत नाही.

नवी कढई तयार कशी करायची

१. बाजारातून आणलेल्या भांड्यावर तेलकट थर किंवा काळा रंग असतो. गरम पाणी, साबण आणि काथ्याने दोन-तीनदा घासा, पाणी स्वच्छ निघेपर्यंत.

२. चुलीवर किंवा गॅसवर ठेवून पूर्ण कोरडी करा. कापडाने पुसून भागत नाही.

३. कोमट असताना आतून-बाहेरून तेलाचा हात फिरवा. जवसाचं, करडईचं, शेंगदाण्याचं, घरात असेल ते. तेल पातळ लावा, मग कोरड्या फडक्याने जास्तीचं पुसून घ्या. जास्त तेल राहिलं तर चिकट होतं.

४. धूर निघेपर्यंत तापवा, मग आपोआप गार होऊ द्या. असं तीन-चार वेळा करा. तापून तेलाचा घट्ट थर बसतो, त्यालाच आपण "तवा चांगला झालाय" म्हणतो.

५. पहिले काही दिवस कांदा परतणं, भजी, पुऱ्या असे तेलाचे पदार्थ करा. आंबट नंतर.

जुनी गंजलेली कढईही अशीच उठवता येते. विटेची पूड किंवा राख आणि काथ्याने गंज घासून काढा, धुवा, वाळवा आणि वरच्या पायऱ्या करा. तडा गेलेली कढई मात्र स्वयंपाकाला घेऊ नका.

रोजचं वापरणं

- रात्रभर पाण्यात भिजत ठेवायची नाही. धुतली की लगेच चुलीवर कोरडी करायची आणि तेलाचं बोट फिरवायचं.
- भाजी झाली की स्टीलच्या पातेल्यात काढून घ्यायची. लोखंडात ठेवून दिलेली भाजी काळी पडते, चव तुरट होते आणि मग घरातले म्हणतात, "नको ती कढई."
- चिंच-कोकमाचं आंबट वरण तास तास उकळू नका. त्याने तेलाचा थर जातो आणि चव बिघडते. टोमॅटोची भाजी, आंबट चुका, टोमॅटो घातलेली मटकी-वाटाण्याची उसळ, पातळ पिठलं, हे उत्तम. कोकम किंवा चिंच शेवटी घाला.
- भाजीचा रंग जरा गडद झाला तर घाबरू नका. पण फडक्याला तांबूस गंज लागत असेल तर आधी घासा, मग शिजवा.

बाजारात घेताना बुडाला हात फिरवून बघा. भोकं, भेगा किंवा लांबी भरल्यासारखं काही दिसलं तर घेऊ नका. चार-पाच जणींना हवी असेल तर एकत्र घ्या. जड माल, भाडं एकदाच पडेल.

कढई एकटी पुरत नाही

इथे मला स्पष्ट बोलायचं आहे. कढई म्हणजे औषध नाही. ज्या बाईचं हिमोग्लोबिन आधीच खाली गेलं आहे, तिला कढईने भरून येणार नाही. तिला गोळ्या लागतील. गरोदरपणात चौथ्या महिन्यापासून रोज एक लोहाची गोळी १८० दिवस, आणि बाळंतपणानंतरही १८० दिवस, असं सरकारी कार्यक्रमात ठरलेलं आहे. आशाताई गोळ्या देतात आणि आपण त्या डब्यात ठेवतो. "मळमळतं" म्हणून, "शी काळी होते" म्हणून. शी काळी होणं नेहमीचं आहे, त्यात धोका नाही. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घेऊन बघा. कॅल्शियमची गोळी आणि लोहाची गोळी एकाच वेळी घेऊ नका, मध्ये दोन तास जाऊ द्या.

जेवणाबरोबर चहा नको. चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर तरी थांबा. त्याच्या जागी लिंबाची फोड, आवळा, पेरू, कच्ची कैरी. आंबट फळातलं क जीवनसत्त्व लोहाला मदत करतं.

आणि रक्त कमी असण्याचं कारण दर वेळी लोहच असेल असं नाही. पोटात जंत असतील, पाळीत अंगावरून फार जात असेल, तर त्याचा इलाज वेगळा. नंदुरबार, गडचिरोली, पालघर, मेळघाट या भागांतल्या वाचक मैत्रिणींनी सिकलसेलची तपासणी करून घ्यावी. तो आजार जन्मापासून असतो, कढईने किंवा पालेभाजीने तो जात नाही. थॅलेसेमियाच्या पेशंटला, किंवा ज्यांना वारंवार रक्त चढवावं लागतं त्यांना, जास्तीचं लोह त्रासदायक ठरतं. अशा घरांनी लोखंडी भांड्याबद्दल डॉक्टरांना विचारावं. म्हणून आधी तपासणी. उपकेंद्रात हिमोग्लोबिन तपासून मिळतं.

आता ताटाकडे या

एवढी कढई घासली, तयार केली, चुक्याची भाजी केली. वाढली कुणाला? आधी घरधन्याला, मग मुलांना, मग सासू-सासऱ्यांना. आणि तुम्ही शेवटी बसलात तेव्हा कढईत काय होतं? एका बैठकीत मी हा प्रश्न विचारला तर एक मावशी हसून म्हणाल्या, "कढई पुसायला भाकरी असती की." सगळ्या हसल्या. मग सगळ्या गप्प झाल्या.

ते दोन आकडे आठवा. पुरुषाला १९, बाईला २९. ज्या ताटाला सगळ्यात जास्त लागतं, त्याच ताटात सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी पडतं. भांडं लोखंडाचं असो की सोन्याचं, जे ताटात आलंच नाही ते अंगी कसं लागेल?

भांडण काढा असं मी म्हणत नाही. वाढायला घेण्याआधी आपल्या वाट्याची भाजी एका वाटीत काढून झाकून ठेवायची, एवढंच करून बघा. सगळ्यांबरोबर बसता आलं तर फारच चांगलं. सुनेची आणि लेकीची वाटीही त्याच वेळी काढा. हे काम सासूबाईंनी केलं तर घरात कुणी विचारायला येत नाही.

पुढच्या बैठकीपर्यंत करायचं काम

१. प्रत्येकीने एक रिकामी डबी घ्यावी. रोज जेवताना आपल्या ताटात भाजी-उसळीच्या जितक्या पळ्या आल्या तितके ज्वारीचे दाणे डबीत टाकावेत. सात दिवस. लिहिता येत नसलं तरी चालतं.

२. आठव्या दिवसापासून वाटी आधी काढायची आणि आणखी सात दिवस दुसऱ्या डबीत दाणे टाकायचे.

३. बैठकीत दोन्ही डब्या शेजारी ठेवून मोजा. ज्यांचे दाणे वाढले नाहीत त्यांना दोष देऊ नका. घरात अडचण काय आली ते विचारा आणि सगळ्या मिळून वाट काढा.

४. गटातल्या सगळ्यांची हिमोग्लोबिन तपासणी एकाच दिवशी करायची. सचिवांनी आशाताईंशी बोलून तारीख ठरवावी. आकडा प्रत्येकीने स्वतःकडे लिहून ठेवावा, गटात सांगायची सक्ती नाही. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा.

५. माळ्यावर जुनी बिडाची कढई असेल तर बैठकीला घेऊन या. गंज काढून ती सगळ्यांसमोर तयार करू. तेल आणि काथ्या मी आणते.