परकीय भाषेचा अभ्यास : उत्साह आणि शिस्त

आजचा लहानसा त्रास मोठा वाटणे आणि उद्याचा मोठा लाभ लहान भासणे, या मानवी प्रवृत्तीचा वर्तनविषयक अर्थशास्त्रात पुष्कळ अभ्यास झाला आहे. परकीय भाषा शिकताना ती ठळकपणे दिसते.

जपानीचे उदाहरण घेऊ. विशिष्ट कौशल्यधारक कामगारांबाबत भारत व जपान यांच्यात जानेवारी २०२१ मध्ये सहकार्य करार झाला. या मार्गाने वृद्धसेवा, शेती, बांधकाम अशा क्षेत्रांत जाण्यासाठी कौशल्याबरोबरच सामान्यतः जपानीची परीक्षाही द्यावी लागते. म्हणजे लाभ स्पष्ट आहे. तरीही अनेकजण अभ्यास अर्ध्यावर सोडतात.

आरंभ सुखाचा असतो. मराठीप्रमाणेच जपानीतही क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. हिरागाना व काताकाना या लिप्यांची प्रत्येकी ४६ मूळ अक्षरे काही आठवड्यांत येतात आणि प्रगती रोज दिसते. पुढे कांजी चिन्हे येतात. नित्य वापराच्या अधिकृत यादीत २०१० पासून ती २,१३६ आहेत. येथे कष्ट रोजचे, पण प्रगती दिसेनाशी होते. प्रस्तुत लेखकाने चाळिशीत जर्मन शिकणे अशाच टप्प्यावर सोडले. उत्साह परत येण्याची वाट पाहिली, तो आला नाही!

विस्मरण हा या भांडवलावरील घसाराच होय. हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरील प्रयोगांतून दाखवले की, पाठ केलेल्याचा मोठा भाग पहिल्याच दिवसात विसरला जातो. मात्र पुन्हा शिकण्यास कमी वेळ लागतो. म्हणून रविवारच्या साडेतीन तासांपेक्षा रोजचा अर्धा तास अधिक फलदायी ठरतो.

पण तो अर्धा तास टिकवायचा कसा? फिलिपिन्समधील एका बँकेने ठरलेले उद्दिष्ट गाठेपर्यंत पैसे काढता येणार नाहीत अशी खाती देऊ केली, तेव्हा सुमारे २८ टक्के ग्राहकांनी ती स्वखुशीने घेतली. अश्रफ, कार्लान व यिन यांचा हा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. जपानी भाषा प्रावीण्य परीक्षेचा अर्ज शुल्क भरून आधीच दाखल करणे, हे त्याच प्रकारचे स्वतःवर घातलेले बंधन होय.

येथे एक सावधगिरी हवी. या परीक्षेत बोलण्याची वा लेखनाची चाचणी नसते. उत्तरे पर्यायांतून निवडायची असतात. त्यामुळे प्रमाणपत्र मिळूनही तोंडातून वाक्य न फुटणे शक्य आहे. आठवड्यातून दोनदा ठरावीक वेळी सहाध्यायाशी केवळ जपानीत बोलण्याचे ठरवावे. समोरचा वाट पाहत असला की टाळाटाळ अवघड जाते.