समोरचा कोन बघू नका

माझ्या पहिल्या ऑटोक्रॉसला मी गेलो, तेव्हा माझ्या होंडा सिव्हिकला गाडी खाली बसवणाऱ्या नव्या स्प्रिंग होत्या, रुंद चाकं होती आणि या सगळ्यावर जवळजवळ दोन हजार डॉलर गेलेले होते. दिवसभरात सहा फेऱ्या मिळाल्या. त्यातल्या तीन फेऱ्यांत मी वाटच चुकलो. चौथीत तीन कोन पाडले. उरलेल्या दोन फेऱ्या कोन न पाडता पूर्ण केल्या, तरी माझ्या वर्गात मी शेवटून दुसरा आलो. आणि दुपारी, गाडी चालवत नसताना, माझ्या हातून अशी एक चूक झाली की ती आठवली की अजूनही अंगावर काटा येतो. हा लेख खरं तर त्या दुपारसाठी लिहितोय. पण सुरुवात सकाळपासून करतो, कारण चुका सकाळपासूनच सुरू झाल्या होत्या.

आधी हा खेळ काय आहे ते सांगतो. मोठं मोकळं पार्किंग किंवा विमानतळाची जुनी धावपट्टी घ्यायची, तिच्यावर नारिंगी प्लास्टिकचे कोन मांडून वळणावळणाची वाट आखायची आणि एकेका गाडीने घड्याळाशी स्पर्धा करायची. शेजारी दुसरी गाडी नसते, कोणाला मागे टाकायचं नसतं. एक फेरी साधारण ४० ते ६० सेकंदांची असते. बहुतेक वेळ गाडी दुसऱ्या गिअरमध्येच राहते आणि वेग हायवेच्या वेगापलीकडे सहसा जात नाही. पाडलेल्या प्रत्येक कोनाला दोन सेकंदांचा दंड. वाट चुकलात तर ती फेरी बाद. अमेरिकेत हा खेळ ‘सोलो’ या नावाने चालवणारा ‘स्पोर्ट्‌स कार क्लब ऑफ अमेरिका’ १९४४ मध्ये स्थापन झाला. सोलोची राष्ट्रीय स्पर्धा १९७३ मध्ये सुरू झाली आणि गेली अनेक वर्षं ती नेब्रास्कातल्या लिंकनला सप्टेंबरमध्ये भरते. स्थानिक स्पर्धांना मात्र परवाना आणि धडधाकट गाडी असलेलं कुणीही जाऊ शकतं. मोटरस्पोर्टमध्ये पाऊल टाकण्याचा इतका स्वस्त आणि सुरक्षित रस्ता दुसरा नाही, असं मी आज ठामपणे म्हणतो. फक्त तो स्वस्त राहतो आणि सुरक्षित राहतो, ते पायऱ्या क्रमाने चढलात तरच.

मी मूळचा साताऱ्याचा. पुण्यात शिकलो आणि नोकरीसाठी मिशिगनला आलो. काम गाड्यांच्या सस्पेन्शनचं. त्यामुळे गाडीला काय लागतं हे आपल्याला कळतं, असा माझा पक्का समज होता. नियमावली न वाचता मी स्प्रिंग मागवल्या. सोलोच्या ‘स्ट्रीट’ वर्गात स्प्रिंग कंपनीच्या मूळच्याच लागतात. शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदललेले चालतात, पुढची किंवा मागची एक अँटी-रोल बार बदललेली चालते, पण स्प्रिंग बदलल्या की तुम्ही त्या वर्गातून बाहेर. मी थेट अशा लोकांच्या वर्गात जाऊन पडलो, ज्यांनी कित्येक वर्षं गाडीवर आणि स्वतःवर मेहनत घेतली होती. आमच्याकडे एका दिवसाची फी पन्नास-साठ डॉलर असते. माझ्या त्या खर्चात तीस-पस्तीस स्पर्धा झाल्या असत्या, म्हणजे तीन-चार वर्षांचं शिक्षण. म्हणून पहिलं सांगणं हे, की पहिला पूर्ण सीझन गाडीला हात लावू नका. चांगल्या टायरचाही मोह आवरा. साधा टायर पकड सुटण्याआधी किंचाळून सांगतो आणि नवशिक्याला त्या आवाजाची गरज असते. जास्त पकडीचा टायर तुमची चूक झाकतो आणि सुटतो तेव्हा एकदम सुटतो.

वाट चुकलो, त्याचं कारण सकाळच्या पायी फेरीत होतं. गाड्या सुटण्याआधी सगळ्यांना कोर्सवरून चालत जाता येतं. मी एकदा चाललो, तेही एका सहकाऱ्याशी ऑफिसच्या गप्पा मारत. उभ्या माणसाला ती वाट स्पष्ट दिसते. गाडीत बसलं की डोळे खाली येतात आणि दूरवरचे सगळे कोन एकमेकांत मिसळून एकच नारिंगी कुंपण होतं. दोन कोनांमधलं कुठलं दार आपलं आणि कुठलं परतीच्या वाटेचं, कळत नाही. आता मी कमीत कमी तीनदा चालतो. पहिल्यांदा फक्त वाट पाठ करायला. दुसऱ्यांदा जागोजागी उकिडवं बसून, म्हणजे गाडीत बसल्यावर काय दिसेल ते कळतं. तिसऱ्यांदा ब्रेक कुठे सोडायचा, गाडी कुठे वळवायची, हे ठरवायला. आडवा पाडून ठेवलेला कोन उभ्या कोनाकडे टोक करून असतो. तो ज्या बाजूला पडलेला असेल, त्याच्या उलट बाजूने जायचं, एवढं लक्षात ठेवा. आणि वाट पाठ करताना गावाकडे पत्ता सांगतात तशी करा: वडापासून डावीकडे, पाराला वळसा, मग देऊळ उजव्या हाताला. माझ्या कोर्सवर वड नसतो, पण दिव्याचा खांब असतो, डांबराचं ठिगळ असतं, गटाराचं झाकण असतं. शेवटी डोळे मिटून पूर्ण फेरी मनात चालवून बघायची. मध्ये कुठे अडखळलात तर पुन्हा चालून या.

तीन फेऱ्या वाया गेल्यावर मी क्लबच्या प्रशिक्षकाची मदत मागितली. खरं तर हे पहिल्याच फेरीआधी करायला हवं होतं, त्याचे वेगळे पैसेही पडत नाहीत. साठीच्या पुढच्या एक बाई शेजारी येऊन बसल्या. अनेक वर्षं त्या जुनी माझदा मियाटा पळवत आल्या आहेत. स्लॅलममध्ये, म्हणजे रांगेतल्या कोनांना एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून वळसा घालायच्या भागात, शिरताच त्या म्हणाल्या, “ज्या कोनाकडे बघतोयस, तो संपलाय. त्याच्या पुढचा बघ.”

या एका वाक्यामागचा हिशेब मी रात्री घरी येऊन मांडला. स्लॅलममधल्या दोन कोनांत साधारण अठरा-वीस मीटर अंतर असतं. ताशी ४० मैल, म्हणजे ६४ किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात अठरा मीटर जाते. समोरच्याच कोनावर नजर खिळली, तर बघायला, ठरवायला आणि स्टिअरिंग फिरवायला मिळून एक सेकंद मिळतो. तेवढ्यात माणूस फक्त दचकू शकतो. नजर एक-दोन कोन पुढे ठेवली, की तोच वेग संथ वाटायला लागतो. हात आपोआप नजरेमागे जातात. जवळचा कोन नजरेच्या कडेला दिसत राहतो, त्याची काळजी करू नये.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती टायरच्या पकडीची. ती माझ्याच विषयातली होती, तरी माझ्या पायापर्यंत पोचली नव्हती. टायरकडे पकडीचं भांडवल ठरावीक असतं. सगळं ब्रेकवर खर्चलं तर वळायला काही उरत नाही. ब्रेक सरळ रेषेत लावायचा, वळणात शिरताना हळूहळू सोडायचा. सिव्हिकसारखी पुढच्या चाकांवर चालणारी गाडी वळणात सरळ घसरायला लागली, की नवशिका स्टिअरिंग आणखी वळवतो. तिथे उलट ते थोडं सैल सोडायचं, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय किंचित उचलायचा आणि चाकांनी पुन्हा जमीन धरण्याची वाट बघायची. हे वाचून कळतं. अंगात यायला मला दोन सीझन लागले.

चौथ्या फेरीतले तीन कोन मात्र बाटलीमुळे पडले. सकाळी गाडीच्या तपासणीच्या वेळी सांगितलं होतं की गाडी पूर्ण रिकामी करा. मी डिकी रिकामी केली, चालकाच्या बाजूचं पायपुसणं काढलं आणि दाराच्या कप्प्यातली स्टीलची पाण्याची बाटली तशीच राहिली. जोराच्या वळणात ती उडून पायाशी आली आणि ब्रेकच्या दिशेने घरंगळायला लागली. टाचेला काहीतरी लागल्याचं कळलं तसा मी अ‍ॅक्सिलरेटर सोडला आणि कोनांची रांग तोडून मोकळ्या जागेत जाऊन थांबलो. ती ब्रेकखाली अडकली असती तर काय झालं असतं, हे गाडीच्या कुठल्याही इंजिनिअरला सांगावं लागत नाही. मी तर तेच काम करतो. गाडी रिकामी म्हणजे कप्पे, सीटखालची जागा, चार्जरची वायर, आरशाला लटकवलेली माळ, सगळं रिकामं.

आता ती दुपार.

ऑटोक्रॉसमध्ये अर्धा दिवस तुम्ही गाडी चालवता आणि अर्धा दिवस कोर्सवर काम करता. पडलेले कोन उभे करायचे, दंड रेडिओवर कळवायचा, धोका दिसला की लाल झेंडा दाखवायचा. प्रत्येक कोनाभोवती खडूचा चौकोन असतो. कोन आडवा झाला किंवा उभा राहूनही पूर्णपणे चौकोनाबाहेर गेला, तर दंड. नुसता हलला आणि चौकोनाला टेकून उभा असला, तर दंड नाही. मला हे काम दुय्यम वाटलं होतं. एक गाडी गेली, तिने कोन पाडला होता, मी धावत जाऊन तो उभा केला. परत फिरताना खिशात फोन वाजला. मुलीचा मेसेज होता. मी तिथेच, येणाऱ्या गाडीकडे पाठ करून उभा राहिलो आणि वाचायला लागलो.

कोर्सवर एका वेळी अनेकदा दोन गाड्या असतात, मोठं अंतर ठेवून सोडलेल्या. दुसरी गाडी आमच्या वळणावर आली आणि गिरकी खाऊन मागच्या बाजूने घसरत निघाली. माझ्या जोडीला असलेल्या माणसाने ओरडून माझं जॅकेट धरलं आणि ओढलं. मी गुडघ्यावर पडलो. मी उभा होतो, नेमक्या त्याच जागेवरून ती गाडी घसरत गेली. त्याने त्याच क्षणी लाल झेंडा उंचावला आणि मागून येणारी तिसरी गाडी थांबवली. नंतर तो एवढंच म्हणाला, “गाडीकडे पाठ करू नकोस.” चूक त्या चालकाची नव्हती. गाडी फिरणं हा या खेळाचा भाग आहे, म्हणून तर आपण मोकळ्या मैदानात खेळतो. मैदानावर उभ्या असलेल्या माणसाने बघत असायला हवं. बायकोला हे मी आठवड्याने सांगितलं.

त्यामुळे माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक नवशिक्याला मी वेगाआधी हे शिकवतो. फोन गाडीत ठेवून या. कामावर बसायचं नाही, फोटो काढायचे नाहीत. पुढची गाडी कुठे आहे ते बघितल्याशिवाय कोनाकडे धावायचं नाही आणि कोन उचलतानाही तोंड येणाऱ्या गाडीकडे ठेवायचं. अग्निशामक कुठे ठेवलाय ते आल्याबरोबर बघून घ्यायचं. चालक असाल आणि लाल झेंडा दिसला, तर फेरी कितीही छान चाललेली असो, नियंत्रण ठेवून लगेच थांबायचं. तुम्हाला पुन्हा फेरी मिळते.

बाकीची तयारी थोडक्यात. हेल्मेट ‘स्नेल’सारख्या मान्य प्रमाणपत्राचं लागतं, नुसता ‘डीओटी’चा शिक्का पुरत नाही. अनेक क्लबांकडे उसनं हेल्मेट मिळतं, तेव्हा घाईने विकत घेऊ नका. चाकांचे नट टॉर्क रेंचने पुस्तकातल्या आकड्याइतके आवळून घ्या. बॅटरी हाताने हलवून बघा, हलली तर तपासणीत गाडी नाकारली जाईल. ऑइल आणि ब्रेक फ्लुइड भरलेलं असू द्या. उंच एसयूव्ही उलटण्याच्या धोक्यामुळे बहुतेकदा घेत नाहीत, आधी विचारा. आपल्या गाडीचं नुकसान विम्यातून भरून मिळेल हे गृहीत धरू नका. पॉलिसी काढून वाचा.

पहिल्या हिवाळ्यात मी त्या स्प्रिंग आणि रुंद चाकं काढून मूळचीच परत बसवली. आज चार सीझननंतर स्ट्रीट वर्गात मी साधारण मधोमध असतो आणि वाट चुकून बाद झालेली फेरी गेल्या वर्षी एकच होती.

पुण्या-नाशिककडच्या मुलांना एक कळकळीचं सांगणं आहे. तिकडे मातीवरही ऑटोक्रॉस होतात. मोटरस्पोर्टची राष्ट्रीय संघटना म्हणजे एफएमएससीआय. स्पर्धेला तिची परवानगी आहे का, हे नाव देण्याआधी विचारा. कॉलेजात असताना मी स्वतः ताम्हिणी घाटात मित्रांशी लावून गाडी पळवलेली आहे. तिथे समोरून एसटी येते, दुधाची गाडी येते, पाहुणे भरलेली जीप येते, आणि त्यांना आपली शर्यत चालली आहे हे माहीत नसतं. वेगाची हौस असेल तर ती झेंडा, अग्निशामक आणि गाडीकडे तोंड करून उभी असलेली माणसं आहेत, अशा मैदानात भागवा.

आणि मिशिगनमध्ये असाल तर आमच्याकडे या. नवशिक्यांची पायी फेरी सकाळी आठला सुरू होते. ती मीच घेतो.