कार्ड घेण्याआधी

पुणे

चि. बाळ यास,

तुझा लांबलचक मेसेज परवा वाचला. स्कायरिममध्ये नवे डोंगर, नवी झाडं, नवा पाऊस घातलास आणि आता रिफ्टनच्या बाजारात शिरलं की चित्र अडखळतं, मध्येच खेळ बंदही पडतो. त्यावर उपाय म्हणून दुकानदाराने सुचवलेलं ८ जीबीचं नवं ग्राफिक्स कार्ड घ्यायचं तू जवळजवळ ठरवलं आहेस. माझं म्हणणं आधीच सांगतो: ते घेऊ नकोस. थोडं कमी वेगाचं चालेल, पण मेमरी जास्त असलेलं घे. आणि तेही तुझा खेळ नेमका कशावर अडतो हे मोजून झाल्यावर. सेवा केंद्रात बसून लोकांचे पीकविम्याचे अर्ज भरून तू हे पैसे साठवलेस, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कार्डांची परीक्षणं तू पाहतोस ती बहुतेक कंपनीने विकला तशाच खेळांवर केलेली असतात. कंपनी खेळ बनवते तेव्हा कुठल्या गावात किती चित्रं एकदम लागतील याचा हिशेब करून ती मेमरीत बसवते. स्कायरिम २०११ चा, त्याची ६४ बिटांची सुधारित आवृत्ती २०१६ ची. मूळ खेळ तुझ्या सध्याच्या जीटीएक्स १६५० कार्डावर सहज पळतो. मॉडचं, म्हणजे खेळणाऱ्यांनीच केलेल्या या भरींचं, तसं नाही. दगड एकाने केलेले, कपडे दुसऱ्याने, भिंती तिसऱ्याने. प्रत्येकाने आपलं काम मनापासून केलं, पण सगळ्यांची बेरीज कोणीच केली नाही. ती तुला करावी लागते.

करून दाखवतो. टेक्स्चर म्हणजे वस्तूवर चढवायचं चित्र. ४के टेक्स्चर म्हणजे ४०९६ गुणिले ४०९६, साधारण १ कोटी ६८ लाख ठिपके. बीसी७ पद्धतीने दाबून ठेवलं तर ठिपक्याला एक बाइट, म्हणजे १६ एमबी. दुरून दिसण्यासाठी त्याच्याच लहान प्रती सोबत असतात, त्यांचा आणखी एक तृतीयांश धरून २१ एमबी. एका दगडाला रंगाचं, उठावाचं आणि चमकेचं अशी तीन टेक्स्चर असतील तर ६३ एमबी. असे शंभर प्रकारचे दगड, दारं, खांब, झगे एका बाजारात आले की सहा जीबी ओलांडले. तुझ्या कार्डात आहेत चार. उरलेला माल संगणकाच्या रॅममध्ये जातो आणि लागेल तेव्हा मदरबोर्डच्या स्लॉटमधून ओढावा लागतो. कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला किमान १२८ जीबी देते. तुझ्या बोर्डचा पीसीआयई ३.० स्लॉट सोळाही लेन धरून जेमतेम १६ जीबी देतो. तुला दिसतो तो झटका हाच.

आपल्या भूम तालुक्यात हे कोणाला वेगळं सांगायला नको. खव्याच्या भट्टीचा जाळ कितीही वाढवला तरी कढईत मावेल तेवढंच दूध आटतं. तुला दाखवलेलं ८ जीबीचं कार्ड मुख्यतः जाळ वाढवतं; कढईही वाढते, पण तुझ्या मॉडच्या पसाऱ्यापुढे पुरेशी नाही. तुला कढई मोठी हवी आहे.

तरीही आधी मोज. एमएसआय आफ्टरबर्नर टाक, पडद्याच्या कोपऱ्यात आकडे दिसू देत. रिफ्टनच्या बाजारात एक सेव्ह कर आणि दरवेळी तिथूनच सुरू करून तोच फेरा मार. जागा बदलली की तुलना फुकट जाते. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूखाली डेडिकेटेड आणि शेअर्ड अशा दोन मेमरी दिसतात. डेडिकेटेड काठोकाठ भरून शेअर्ड चढत असेल तर मेमरी कमी पडते आहे. मेमरीत जागा आहे आणि कार्डाचा वापर ९७-९९ टक्क्यांवर टेकला आहे, तर कार्डाची ताकद संपली. पण कार्ड ५०-६० टक्क्यांवर रेंगाळतंय आणि फ्रेम तरीही सेकंदाला ३५ च्या वर जात नाहीत असं दिसलं, तर दोष कार्डाचा नाही. पडद्यावरची प्रत्येक वस्तू काढण्याचा हुकूम प्रोसेसर देतो. दाट गवत, दूरची झाडं, लांबवर पडणाऱ्या सावल्या, गावात भरलेली जास्तीची माणसं या सगळ्यांचा भार त्याच्यावर पडतो, आणि जुन्या धाटणीच्या या इंजिनात तो मुख्यतः एकाच कोअरवर येतो. तुझ्या आय५-१०४००एफवर तिथे कितीही महागडं कार्ड लावलं तरी फरक पडणार नाही. दूरचं दृश्य सांभाळणाऱ्या डिनडोलॉडमध्ये झाडांची पातळी उतरव, सावल्यांचं अंतर कमी कर.

आणि खेळ मध्येच बंद पडतो त्याचा संबंध कार्डाशी असेलच असं धरू नकोस. बहुतेक वेळा दोन मॉड एकमेकांशी भांडतात किंवा एखादी मूळ फाइल गायब असते. क्रॅश लॉगर टाकून त्याची नोंद वाच. ते दुखणं नव्या कार्डातही तसंच राहील.

पैसे खर्च न करता एक काम या आठवड्यात होण्यासारखं आहे. तुझा मॉनिटर १०८० पीचा, म्हणजे त्यावर एकूण ठिपके सुमारे २१ लाख. वाटी, खुर्ची, टोपी यांच्यावर जवळजवळ पावणेदोन कोटी ठिपके चढवून उपयोग काय? डोंगर आणि जमीन यांना ४के ठेव, कारण ती पडदाभर पसरतात. बाकीचं कॅथेड्रल अ‍ॅसेट्स ऑप्टिमायझरने २के वर आण. बाजू निम्मी झाली की मेमरी चौथाई लागते. मूळ फाइलींची प्रत मात्र आधी वेगळी ठेव.

एवढं केल्यावरही चार जीबी तुला पुरणार नाहीत असं मला वाटतं. तेव्हा खरेदीकडे येऊ.

एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६० टीआय आणि एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी, दोन्ही २०२५ ची. दोन्हींत ८ आणि १६ जीबीच्या आवृत्त्या एकाच नावाने विकल्या जातात, याचा मला खरोखर राग येतो. खोक्यावरचा १६ हा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी वाचल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. दोघांतून मी तुझ्यासाठी ९०६० एक्सटी निवडतो. ५०६० टीआय स्लॉटच्या आठच लेन वापरतं, ९०६० एक्सटी सोळा. तुझ्या जुन्या बोर्डवर मेमरी कधी ओसंडलीच तर हा फरक जाणवेल. शिवाय ९०६० एक्सटी १६० वॅटचं आहे आणि कंपनी त्याला ४५० वॅटचा एसएमपीएस पुरे म्हणते; दुसऱ्याला ६०० सांगतात. ब्लेंडरमध्ये तू गावच्या वेशीचं मॉडेल करायला घेतलंस असं अक्का म्हणाली. ते काम तू पुढे नेटाने नेणार असशील तर मात्र एनव्हिडियाचं घे. ब्लेंडरच्या रेंडरिंगमध्ये ते अजून पुढे आहे. हा निर्णय तुझा.

इंटेलचं १२ जीबीचं बी५८० स्वस्तात दिसेल. तुझ्या पिढीच्या प्रोसेसरवर ते मागे पडतं, आणि मदरबोर्डच्या सेटिंगमधला रिसायझेबल बार चालू नसेल तर आणखीच. ते सोड. मधल्या फ्रेम कार्डानेच बनवायच्या त्या फ्रेम जनरेशनवर भिस्त ठेवणारी जाहिरातही सोड. त्या सोयीलाच थोडी मेमरी लागते, आणि टेक्स्चरचं ओझं तिने हलकं होत नाही.

जुनं घ्यायचं झालं तर २०२१ चं आरटीएक्स ३०६०, १२ जीबीचं, अजून कामाचं आहे. पण १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि रात्रंदिवस तापलेली कार्डं बाजारात आली. पंखे आणि मेमरीच्या चिपा त्यात झिजलेल्या असू शकतात. मूळ बिल, सिरियल नंबर आणि अर्धा तास समोर चालवून दाखवण्याची तयारी, यातली एकही गोष्ट कमी असेल तर कितीही स्वस्त असो, नको. नव्यावर १८ टक्के जीएसटी बसतो म्हणून कोणी बिलाशिवाय देऊ करेल. वॉरंटी बिलावर मिळते, हे लक्षात ठेव.

आता तुझ्या ईट गावची गोष्ट, जी कोणत्याही परीक्षणात नसते. तुझ्या कॅबिनेटमधला बिननावाचा एसएमपीएस नव्या कार्डासोबत ठेवायचा नाही. स्लॉटमधून ७५ वॅट मिळतात, आठ पिनांच्या वायरीतून १५० पर्यंत. ती वायर एसएमपीएसमधून थेट आलेली हवी, जोडकाम केलेली नको. ९०६० एक्सटीसाठी चांगल्या कंपनीचा ५५० वॅट, ८० प्लस ब्राँझ घे; एनव्हिडियाचं कार्ड घेतलंस तर तसाच ६०० वॅटचा. तुझा ६०० व्हीएचा यूपीएस खऱ्या अर्थाने ३६० वॅटच्या आसपास देतो. खेळ ऐन रंगात असताना वीज गेली तर तो भार झेलेलच असं नाही. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घे. हे कार्डाच्याही आधी कर, कारण तिथे अक्काही हात लावते. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो आणि तुझी खोली पत्र्याची. कॅबिनेटला पुढून हवा घेणारा पंखा लाव, धूळ महिन्याला ब्लोअरने काढ, आणि एप्रिल-मेमध्ये आफ्टरबर्नरमधून पॉवर लिमिट थोडी खाली आण. वेग नाममात्र घटतो, उष्णता चांगली घटते. कॅबिनेटची आतली लांबी टेपने मोजायला विसरू नकोस.

दाजींना हा सगळा नाद वाटतो, हे मला ठाऊक आहे. त्यांना एवढंच सांग की गावातली पोरं ज्या पब्जीसाठी वेडी झाली होती, तो खेळ करणाऱ्या ब्रेंडन ग्रीनची सुरुवात आर्मा या दुसऱ्याच्या खेळावर मॉड करण्यातून झाली. काउंटर-स्ट्राइकही १९९९ मध्ये हाफ-लाइफचं मॉड म्हणूनच आलं. तू फाइली उघडून आतलं यंत्र समजून घेतोस, ब्लेंडर शिकतोस, बिघाड शोधतोस. मला त्याची किंमत वाटते आणि मी दाजींशी बोलेन. मात्र हप्त्यावर कार्ड घेतलंस तर त्यांची बाजू मी घेईन. साठवलेल्यात बसत नसेल तर आधी एसएमपीएस घे आणि कार्डाला थांब.

कार्डाचा वापर, दोन्ही मेमरींचे आकडे आणि सेकंदाला मिळणाऱ्या फ्रेम, टेक्स्चर कमी करण्याआधीचे आणि नंतरचे, मला रविवारपर्यंत पाठव. ते पाहिल्यावर कार्ड इथे मी स्वतः चालवून बघून, तुझ्या नावाच्या बिलाने घेऊन ठेवतो. तोवर त्या दुकानदाराला इसार देऊ नकोस.

अक्का आणि दाजींना नमस्कार.

तुझा,
मामा